आतल्या खिशातली सिगारकेस

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची सिगारकेस आहे. तोंड घट्ट मिटून ठेवणे हाच माझा एकमेव गुण. त्या गुणाचे एके काळी फार कौतुक झाले आणि त्याच गुणापायी मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली. म्हणून आज पहिल्यांदाच मी तोंड उघडते आहे.

तीन बोटे जुळवून धरली तर जसा आकार दिसतो, तसा माझा आकार आहे. आत तीन खण, एका खणात एक सिगार. वरून टोपण. आतून सुवासिक लाकडाचे कागदासारखे पातळ अस्तर. मला घडवणारा कारागीर एरवी चष्म्यांची घरे आणि बासऱ्यांच्या पिशव्या शिवत असे. त्याच्याकडे एक दिवस एक बाई आल्या. त्या शाळेत गाणे शिकवत. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक सिगार काढून त्याच्यापुढे ठेवली.

"ह्या मापाची केस हवीय. तीन मावतील अशी."

कारागिराने सिगारकडे पाहिले, मग बाईंकडे. "ही तुमची?"

"माझी कशाला असेल? ह्यांची. विचारून नाही आणली, उचलून आणलीय. कामावर जाताना कोटाच्या खिशात टाकतात आणि परत येईपर्यंत तिचा भुगा होतो. मग तो भुगा मी झटकायचा."

कारागीर हसला. त्याने माझ्यासाठी चांगले जाड चामडे निवडले, आठ दिवस राबला, आणि मला देताना म्हणाला, "टोपण लावलंत की आतला वास बाहेर येणार नाही, बाहेरची हवा आत जाणार नाही. हिच्या पोटातलं ओठावर यायचं नाही."

ऐकून मी फुगून गेले होते. तेव्हा मला कळले नाही की हा गुण कोणाच्या हातात पडतो त्यावर सगळे अवलंबून असते.

माझे मालक पूल तपासणारे. गावोगाव फिरून लोखंडी पुलांचे रिव्हेट, म्हणजे सांध्यांतले जाड खिळे, हातोडीने वाजवून बघायचे. आवाज टणक आला तर बरोबर, बद्द आला तर खडूने फुली. त्यांनी फुली मारली की पुलावरची गाडी थांबे. भरवशाचा माणूस म्हणून त्यांचे नाव होते. मला हातात घेतल्यावर ते बाईंना म्हणाले, "अगं, एवढी सुंदर वस्तू कशाला? मला आता सिगारसुद्धा हिच्या तोलामोलाच्या घ्याव्या लागतील."

आणि खरेच त्यांनी तसे केले. दुकानात गेले की घाई नसे. एकेक सिगार उचलायची, दोन बोटांत अगदी हलके दाबायची. कुरकुरली तर वाळलेली, दबून राहिली तर ओलावलेली. वरचे पान गुळगुळीत आहे ना, शिरा जाड नाहीत ना, हे उजेडात धरून बघायचे. दुकानदार म्हणायचा, "साहेब, सिगार घेताय का पूल पास करताय?" घरी एका लाकडी पेटीत ओलसर स्पंजच्या सोबतीने त्या राहत. प्रवासाला निघताना त्यातल्या तीन माझ्याकडे येत. गाडी रुळांवर कितीही आदळो, आपटो, माझ्या पोटात त्या सुखरूप असत. एकदा मालक पुलाच्या कठड्यावरून घसरून ढोपरावर पडले. ढोपर फुटले, सिगारच्या पानालाही चरा गेला नाही. ही गोष्ट त्यांनी दहा जणांना सांगितली. दहाही वेळा मी ती मन लावून ऐकली.

रविवारी दुपारी ते गॅलरीत बसत. छोट्या कात्रीने टोक उडवायचे, काडीची ज्योत जरा लांब धरून दुसरे टोक सावकाश फिरवत पेटवायचे, धूर तोंडात घोळवून सोडायचा. राख झटकायची नाही, आपोआप पडेपर्यंत वाट बघायची. त्यांची लेक तेव्हा लहान होती. सिगारभोवतीची सोनेरी कागदी पट्टी अंगठी म्हणून तिला हवी असे. ती मिळेपर्यंत ती त्यांच्या मांडीला टेकून बसे, धुरात. बाई आतून सूर धरत आणि धूर पडद्यातून आत जात असे. ह्यात काही चुकते आहे असे कोणालाच वाटत नसे. मला तर मुळीच नाही. आज ती दुपार आठवली की मला टोपण अजून खाली ओढून घ्यावेसे वाटते.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. त्याच वर्षी बाईंना खोकला सुरू झाला. आधी थंडी म्हणून, मग धूळ म्हणून तो सोडून दिला. एक दिवस वर्गात मुलींना वरचा सूर दाखवताना त्यांचा श्वासच पुरला नाही. मालक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही होते, कोटाच्या आतल्या खिशात.

डॉक्टरांनी नळी लावून पाठ ऐकली. "दमा आहे. घरात कोणी ओढतं का?"

मालक म्हणाले, "मी ओढतो. पण आता बंद. आजपासून."

डॉक्टरांनी बाईंना श्वासाचा पंप दिला आणि तो कसा हलवायचा, कसा ओढायचा ते दाखवले. बाईंना वस्तू कुठेही ठेवून विसरायची सवय. एकदा चष्मा त्यांनी पिठाच्या डब्यात शोधला होता आणि तो तिथेच सापडला होता. म्हणून रस्त्यातच मालक म्हणाले, "हे बघ, घरी असलीस की पंप उशाशी. आपण दोघं बाहेर पडलो की माझ्या कोटाच्या ह्या आतल्या खिशात. बटणाचा खिसा आहे, पडायची भीती नाही. तुला शोधायचं कामच नको."

"विसरणार नाही ना?"

"मी? पुलाची एक फुली विसरलोय का कधी?"

घरी आल्यावर त्यांनी मला बाहेर काढले आणि पंप त्या खिशात ठेवून बघितला. नीट मावला. लाकडी पेटी त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकली. बाई शाळेत सगळ्यांना सांगत, "पंचवीस वर्षांची सवय, एका दिवसात सोडली ह्यांनी." त्यांच्या आवाजात इतका अभिमान असे की मला वाटले, चला, आपले काम संपले.

संपले नव्हते. महिनाभरात मालकांनी मला कपाटातून काढून हातोडीच्या पेटीत, खडूंच्या खाली दडवले. दौऱ्यावर पूल तपासून झाला की ते नदीकडे तोंड करून एक सिगार ओढत. आधी कोट काढून लांब टांगत, म्हणजे वास लागायला नको. नंतर तोंड धुवायचे, पेपरमिंटची गोळी चघळायची. पूर्वीसारखी राख पडायची वाट बघणे नाही. घाईघाईत ओढायची आणि अर्धी टाकून द्यायची. ती सिगार ते निवडतही नसत, मिळेल ती घेत. आणि घरी हातोडीच्या पेटीत मी तोंड मिटून बसे. बाई पेटीवरची धूळ पुसत, मी वासाची एक रेघही बाहेर जाऊ देत नसे. कारागिराने माझे जे कौतुक केले होते, ते मी असे खरे करून दाखवत होते.

मग लेकीचे पत्र आले. तिला मुलगी झाली होती. दोघांनी जायचे ठरवले. दीड दिवसाचा गाडीचा प्रवास, आणि ह्या खेपेला हातोडीची पेटी बरोबर नव्हती. निघायच्या सकाळी मालक मला घेऊन खोलीत उभे राहिले. कोटाच्या बाहेरच्या खिशात मला ठेवून बघितले. फुगवटा दिसला. बॅगेत ठेवले, तर बॅग बाई उघडणार. मग त्यांनी आतल्या खिशातून पंप काढला आणि मला तिथे ठेवले. पंप आपल्या दाढीच्या पिशवीत टाकून ती पिशवी बॅगेत कोंबली. "बॅग तर डोक्यावरच असणार," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि खिशाचे बटण लावले.

मित्रांनो, मी तिथे व्यवस्थित मावले. मला जराही अवघडले नाही. हेच मला आता सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका मोठ्या स्टेशनावर इंजिन बदलायला थांबली. मालकांनी त्याआधीच डब्याच्या बोळात जाऊन माझ्यातली एक सिगार काढून मुठीत घेतली होती. आता ते म्हणाले, "उकडतंय फार. जरा पाय मोकळे करून येतो." कोट काढून त्यांनी खिडकीजवळच्या खुंटीला अडकवला. मी कोटात होते. ते फलाटाच्या टोकाला गेले.

ते जाताच डबा झाडणारा आला. आदल्या दिवसापासूनची धूळ त्याने एका झाडूत उठवली. बाईंनी पदर नाकाला लावला, पण खोकला सुरू झाला तो थांबेना. समोर चष्म्याच्या फ्रेमा विकणारी एक बाई बसली होती, मांडीवर नमुन्यांची पेटी घेऊन. ती उठली. "पाणी देऊ?"

बाईंनी नको म्हणून मान हलवली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्यांनी कोटाकडे बोट केले. "आतल्या... खिशात."

चष्मेवालीने कोट काढून त्यांच्या मांडीवर दिला. बाईंनी चाचपले. आत काहीतरी आहे हे हाताला लागताच त्यांची बोटे जरा सैलावली, हे मला कापडातून जाणवले. बटण निघता निघेना. मग बोटे आत आली आणि त्यांनी मला बाहेर काढले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनीच मला मापाने शिववून घेतले होते, ओळखायला वेळ लागला नाही. त्या काही बोलू शकत नव्हत्या. एका हाताने त्यांनी मला धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने रिकामा खिसा पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या. त्यांचे ओठ निळसर होत होते. त्या वेळी एवढे चामडे, एवढे सुवासिक अस्तर, सगळे देऊन मला एक फुंकर होता आले असते तर मी झाले असते. पण मी सिगारकेस होते. माझ्यात दोन सिगार होत्या.

"पंप आहे का? पंप कुठाय?" चष्मेवालीने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता फळीवरच्या दोन्ही बॅगा खाली ओढल्या. बाळासाठी विणलेले मोजे, झबली, टॉवेल, सगळे बाकावर पडले. दाढीची पिशवी तिने उलटी केली तेव्हा ब्रशाबरोबर पंप बाहेर आला. बाईंनी एकदा ओढला, दोनदा ओढला. हळूहळू श्वासाची शिट्टी बारीक झाली.

मालक आले तेव्हा तोंडात पेपरमिंट होते. बाकावरचा पसारा, बाईंच्या कपाळावरचा घाम आणि त्यांच्या मांडीवर मी, असे त्यांनी एकाच नजरेत पाहिले.

चष्मेवाली कपडे घड्या करत म्हणाली, "दाढीच्या पिशवीत होता. दाढी करताना दम लागतो का ह्यांना?"

मालक खाली बसले. गाडी सुटली. श्वास सावरल्यावर बाई हळू आवाजात बोलू लागल्या.

"तुम्ही ओढता ते मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या पेपरमिंटपासून. जन्मात कधी गोळी चघळली नाहीत तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, लांब जाऊन ओढतात, माझ्यासमोर नाही, तेवढं तर पाळतायत. असू दे." त्यांनी हातातल्या पंपाकडे पाहिले. "पंपाचं मात्र माहीत नव्हतं हो."

गाडी एका लांब पुलावरून जाऊ लागली. एरवी मालक खिडकीतून वाकून कमानी मोजत. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

लेकीच्या घरी बाईंनी चकार शब्द काढला नाही. उलट लेकच म्हणाली, "आई, एवढ्या लांबचा प्रवास, पण बाबा बरोबर आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त होते."

मालकांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि तिला सगळे सांगितले. कुठे ओढायचे, कसे लपवायचे, पंप कुठे टाकला होता. काही लपवले नाही, काही सौम्य करून सांगितले नाही. लेक बाळाला थोपटत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने बाळाला त्यांच्या मांडीवर दिले नाही, आईच्या मांडीवर दिले. मग शिवणाची पेटी काढून बसली. संध्याकाळपर्यंत तिने एक छोटी कापडी पिशवी शिवली, तिला लांब बंद लावला, आत पंप घातला आणि ती आईच्या गळ्यात अडकवली. त्या रात्री मालकांनी माझ्यातल्या दोन सिगार चुरून केराच्या डब्यात टाकल्या. तेव्हापासून त्यांनी खरोखरच ओढली नाही. कोणाला सांगितलेही नाही.

घरी परतल्यावर एकदा ते मला पुसून बाईंकडे घेऊन गेले. "ह्यात पंप ठेवूया का? कापडापेक्षा मजबूत आहे."

बाईंनी मला उघडून हुंगले. "नको. वास जात नाही हिचा." रागाने नाही म्हणाल्या. माझे टोपण त्यांनी नीट लावून मला परत दिले.

आता ती दोघे बाहेर निघतात तेव्हा बाई दारात थबकतात आणि हात गळ्यातल्या पिशवीकडे नेतात. पूर्वी त्या कोटाकडे बघून विचारायच्या, "घेतलंत ना?" आता विचारत नाहीत. मालक तो हात बघतात, आणि कुलूप लावायला वळतात. आतला खिसा त्यांनी रिकामा ठेवला आहे. तिथे ते रुमालसुद्धा ठेवत नाहीत.

मी एका खणात पडून आहे, बंद पडलेल्या टॉर्चच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला. चामडे तडकू लागले आहे. तेल लावायला कोणी येत नाही, आणि यावे असे मलाही वाटत नाही. माझी निगा राखा असे मी तुम्हाला सांगणार नाही. निगा राखण्यासारख्या दुसऱ्या वस्तू घरात असतात. त्या सुंदर नसतात, त्यांच्याकडे कोणी कौतुकाने बघत नाही. कोणाचे औषध असते, कोणाची काठी, कोणाचे कानाचे यंत्र. मित्रांनो, अशी एखादी वस्तू तुमच्या भरवशावर असेल, तर ती आत्ता नेमकी कुठे आहे ते उठून एकदा बघून या. तोवर मी थांबते. नाहीतरी मला पुढे फारसे सांगायचे उरलेले नाही.