राखणदार रजेवर

सुगरानं रश्श्यात आणखी एक चिमूट मीठ टाकलं. मग विचार करून मूठच टाकली. डावानं ढवळून वाटी दस्तगीरच्या ताटात ठेवली आणि पदर खोचून उभी राहिली. स्वतःपुरता अळणी रस्सा तिनं आधीच बाजूला काढला होता.

दस्तगीरनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"झ्याक झालाय," तो म्हणाला. वाटी संपवली आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

सुगरानं कपाळाला हात लावला. लग्न झाल्यापासून या माणसानं रश्श्याला नाव ठेवलं नाही असा दिवस उगवला नव्हता. कधी तिखट जास्त, कधी खोबरं कमी, काहीच नसलं तर भाकरी वातड. त्यावर तिनंही कधी उधारी ठेवली नव्हती. समोरच्या हिराबाई तर या दोघांचं जुंपलं की घरातल्या टीव्हीचा आवाज बारीक करायच्या. आणि आता गेले कित्येक महिने घरात चिडीचूप.

सगळं त्या डोकेदुखीपासून सुरू झालं होतं. सुगराचं डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात मशीनमधून डोक्याचा फोटो काढला, तर दुखण्याचं कारण निघालं चष्म्याचा नंबर. पण त्याच फोटोत मेंदूच्या एका रक्तवाहिनीला बारीक फुगवटा दिसला. डॉक्टर क्रांती वयानं लहान, पण समजावून सांगायला पक्की. म्हणाली, फुगवटा छोटा आहे, आत्ता ऑपरेशन नको, वर्षानं पुन्हा बघू. सुगरानं विचारलं, डोकं गरम तर आमच्या मालकांचं, मग हे माझ्याच वाट्याला का? तेव्हा डॉक्टरनं सांगितलं की बाईला पाळी येत असते तोवर इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक रक्तवाहिन्यांची आतून राखण करतं, भिंती लवचिक ठेवतं, सूज फारशी धरू देत नाही. पाळी गेली की ते ओसरतं. कारणं आणखीही असतात, पण पन्नाशीनंतर असे फुगवटे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त सापडतात, त्यामागं हे एक असावं.

सुगराला एकदम पेढे आठवले. पाळी कायमची गेली तेव्हा तिला कोण आनंद झाला होता. रमजानचे रोजे आता सलग होणार, सुटलेले मागून भरायची कटकट नाही. त्या खुशीत तिनं हिराबाईंकडं पेढे नेऊन दिले होते, कशाचे ते न सांगता. म्हणजे राखणदार काम सोडून निघून गेला आणि आपण त्याच्या नावानं पेढे वाटले, असं मनात येऊन तिला तिथंच हसू फुटलं. डॉक्टरला वाटलं, बाई घाबरली.

घाबरला होता दस्तगीर. उद्यमनगरात त्याचं टायरचं दुकान. त्यानं विचारलं, म्हणजे टायरला फुगा येतो तसं? डॉक्टर हसून म्हणाली, साधारण तसंच. ती तसं म्हणाली आणि सुगराच्या सुखाचं मातेरं झालं. फुगा आलेल्या टायरवर लोड नको, स्पीड नको, धक्का नको. घरी येताना हा बाबा रिक्षाच्या पुढं चालत निघाला, हातवारे करून खड्डे दाखवत. कोल्हापुरातले खड्डे दाखवायचे म्हटल्यावर घर यायला संध्याकाळ झाली. मग औषधाच्या दुकानात जाऊन त्या राखणदाराच्या गोळ्या मागितल्या. दुकानदारानं हात जोडले. डॉक्टरनं फोनवर झापलं, की त्या गोळ्या या दुखण्यासाठी नसतात, मनानं काही देऊ नका. ब्लडप्रेशर ताब्यात ठेवणं आणि तंबाखू बंद, एवढंच आपल्या हातात आहे.

तंबाखूवरून दवाखान्यातच गंमत झाली होती. सुगरानं ठणकावून सांगितलं होतं, की आपण पानसुद्धा खात नाही. डॉक्टरनं विचारलं, आणि मिश्री? सुगरा म्हणाली, ती तर दातांची. ती तंबाखूच असते मावशी, भाजलेली, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा सुगरानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दाराच्या पायरीवर बसून ती मिश्रीची डबी उघडून दात घासत होती. दस्तगीरनं पाहिलं आणि आभाळाकडं तोंड केलं.

हेच तिच्या जिवाला लागलं. पूर्वीचा दस्तगीर असता तर डबी गटारात गेली असती. आता काहीही बोला, एकच उत्तर यायचं, 'व्हय, तुझंच खरं.' गेलेल्या माणसाबद्दल लोक वाईट बोलत नाहीत. यानं मला आत्ताच त्यांच्यात धरलं, सुगराला वाटायचं, आणि रात्री उशी ओली व्हायची. फुगवट्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती या गोड बोलण्याची होती. तिनं ठरवलं होतं, काही झालं तरी याला भांडायला लावायचं. मिठाची मूठ त्यासाठीच होती.

त्यात मिश्रीही बिघडलेली. बरेच दिवस घासून घासून हिरड्या दुखल्या, पण डोक्याला ती झिणझिणी म्हणून येईना. सुगरा सगळ्यांवर खेकसत होती. जेवणं उरकल्यावर ती हिराबाईंकडं तक्रार घेऊन गेली, की बाजारात मिश्रीसुद्धा भेसळीची यायला लागली.

हिराबाईंची सून रक्षिता बाळंत झाली होती, तिच्यासाठी त्या अख्खे बदाम फोडत बसल्या होत्या.

"भाभी, ही सालं घेऊन जावा जाताना," हिराबाई म्हणाल्या. "तुमचं मालक न्हेत्यात की. जाळून टायरला पॉलिश करतोय म्हणले."

सुगरानं सालाचा तुकडा उचलला, निरखला आणि तडक घरी आली. दस्तगीर बशीतनं चहा पीत होता. तिनं डबी त्याच्यासमोर आपटली.

"हिच्यात काय हाय?"

"बदामाची सालं," तो म्हणाला. "जाळून, चाळून."

"तोंडानं सांगायचं हुतं मला."

"व्हय. तुझंच खरं."

"खबरदार पुन्यांदा त्ये म्हणला तर."

दस्तगीरनं बशी खाली ठेवली. त्याची मान हळूहळू लाल होत गेली.

"मग काय म्हणू?" तो ओरडला. "बोललो तर तुझं प्रेशर वाढतंय, न्हाय बोललो तर तू तंबाखू घासतीस. आणि गेलीस म्हंजे? मी भांडू कुनासंगं?"

 सुगरानं वेळ दवडला नाही. बायकोच्या डबीत राख भरणारा नवरा अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल, तिनं सुरुवात केली. मग त्याचं घोरणं निघालं, तिचा माहेरचा गर्व निघाला, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल निघाला. रस्सा म्हणजे निव्वळ समुद्र होता आणि तरी आपण तो रोज गिळला, हेही त्यानं सांगून टाकलं. मीठ मी मुद्दामच टाकत होते, ती म्हणाली. समोर टीव्हीचा आवाज बारीक झाला.

आणि मधेच दस्तगीरला फुगा आठवला.  धावत जाऊन त्यानं बीपीचं मशीन आणलं. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं दोघं थोडा वेळ मुकाट्यानं शेजारी शेजारी बसली. मग त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला तो पाहून त्यानं पुन्हा मोजलं. तोच आला, आणि चांगला होता. एवढा चांगला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

"मशीन खराब हाय," तो म्हणाला.

"आणा हिकडं हात."

सुगरानं पट्टा त्याच्या दंडाला बांधला. मशीन घरघरलं, थांबलं. तिनं नवा चष्मा लावून आकडा वाचला, तो तिच्या आकड्याच्या कितीतरी वर होता. मग उठून चुलीपाशी गेली आणि मिठाची बरणी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच पातेल्यातला रस्सा होता. दस्तगीरनं पहिला घास घेतला आणि थांबला.

"ह्यात मीठच न्हाय."

"न्हाय."

"मग ह्ये माणसानं खायाचं कसं?"

त्याचा आवाज चढला. सुगरानं पदर खोचला. समोर हिराबाईंनी टीव्ही बारीक केला.