रोस्कातली बाहुली

राजधानीहून निघालेली गाडी सांता रिताच्या गल्लीत शिरली तरी तेंचा अर्धी झोपेतच होती. वाटेत तिला नेहमीचं स्वप्न पडलं होतं. ती जिना चढते आहे, दर मजल्यावर आधीपेक्षा मोठं दालन, आणि तिला नावाने हाक मारणारी माणसं आधीपेक्षा कमी. भीती अशी वाटत नाही, फक्त पायांखाली पायऱ्या लागत नाहीत.

आधी नगरसेविका, मग महापौर, मग आमदार, आता सिनेटर. एकही मुदत बाईने पुरी केली नव्हती. वरची खुर्ची दिसली की खालच्या खुर्चीतून रजा. अशांना इथे नाकतोडे म्हणतात, आणि इथले लोक नाकतोडे तिखट-लिंबू लावून चवीने खातात, त्यामुळे त्या शिवीतही लाडच जास्त. तेंचा उडाली की तिची जागा घ्यायची तिच्याच जोडीने निवडून आलेल्या राखीव उमेदवाराने, आणि दर निवडणुकीत ती राखीव म्हणजे चोना, तिची लहानपणची मैत्रीण. अर्धे खणलेले नळ चोनाने पुरे केले, मंडईचं छप्पर चोनाने घातलं, लोकांच्या शिव्याही चोनानेच खाल्ल्या.

आता तेंचाला केंद्रात पाणीखात्याचं मंत्रिपद मिळायचं होतं. शपथविधी दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणादिवशी. पक्षाची अट एकच: सिनेटची जागा हातची जाता कामा नये, राखीव बाईचा होकार आधी आणा. तेवढ्यासाठी ती आली होती.

चोनाच्या अंगणात तीन राजांच्या सणाची रोस्का मांडलेली होती. टेबलभर लांब, साखरेच्या पट्ट्यांचा कड्यासारखा गोड पाव. कपांतून चॉकलेटची वाफ वर जात होती आणि त्या वाफेआड सगळे चेहरे तेंचाला लांबच्या काठावर असल्यासारखे दिसत होते.

"या, नाकतोडीबाई!" चोना ओरडली. "उड्या मारून दमलात की अजून एक बाकी आहे?"

"गप गं, आधी खायला दे."

"सुरी घे आणि आपला तुकडा आपण काप. इथे तुझे शिपाई नाहीत."

तेंचाने तुकडा कापला, घास घेतला, आणि दाताखाली काहीतरी टणक आलं. बाहुली! जिच्या तुकड्यात बाळ येशूची बाहुली, तिने कांदेलारियाला अख्ख्या गल्लीला तामाल, म्हणजे पानात वाफवलेले मक्याचे उंडे, करून घालायचे. म्हणजे नेमकं शपथेच्या दिवशी.

कोणी पाहिलं नव्हतं. बाहुली गालात लपवणं सांता रिताला नवीन नाही. मागाहून पकडले गेले की सगळे हसतात आणि विषय संपतो. तेंचानेही ती गालात सरकवली. पण तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली, "भाषण! तेंचाचं भाषण!" आणि तोंड उघडायची वेळ आली. तिने चॉकलेटचा मोठा घोट घेतला आणि बाहुली गिळून टाकली. मग पाण्यावर फार सुंदर बोलली.

रोस्का संपली, बाहुली निघाली नाही. सगळे वळले म्हाताऱ्या फिदेन्सिओवर, म्हणजे पाव भाजणाऱ्यावर.

"बाहुलीतसुद्धा काटकसर का हो?"

"आईची शपथ, मी माझ्या हाताने घातली!"

"पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या भट्टीतून आणू!"

म्हाताऱ्याचे ओठ थरथरायला लागले. तेंचा कपात बघत राहिली.

"ओरडू नका त्याच्यावर," चोना म्हणाली. "माझ्या तुकड्यात होती. तामाल माझ्याकडे."

तेंचा तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. "चोना, एक मागायला आले होते."

"सिनेटची जागा ना? रेडिओने कधीच सांगितलं."

"हो म्हण."

"नळ गावाचे होते, म्हणून केले. मंडई गावाची होती. पण आज तो म्हातारा रडकुंडीला आला आणि तू चॉकलेट पीत बसलीस." चोनाने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुझा गळा हलताना मी पाहिला, तेंचा. आता मी तुझी राखीव नाही."

मंत्रिपदाचं तेंचाला त्या क्षणी आठवलंही नाही. वीस माणसांत आपल्याला ओळखणारी ही एकच, एवढंच कळलं.

"मी आत्ता सगळ्यांना खरं सांगते."

"सांग."

ती अंगणात आली. "बाहुली मी गिळली," ती म्हणाली.

शेजारच्या म्हातारीने डोळे पुसले. "केवढं मन बघा! मंत्री व्हायची बाई, आणि मैत्रिणीचा भार स्वतःच्या अंगावर घेते!"

"अहो, खरंच गिळली! मघाशी, भाषणाच्या आधी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फिदेन्सिओने तिचा हात डोळ्यांना लावला. "तेंचा! तेंचा!" अंगण गर्जत होतं, आणि तो आवाज तिला पाण्याखालून ऐकू यावा तसा येत होता. ती अजून ओरडून सांगत होती, आणि दर वाक्याला टाळ्या वाढत होत्या.

तिने दाराकडे पाहिलं. आत चोना तिच्याकडे पाठ करून, तामालचं मोठं पातेलं फळीवरून एकटीच खाली ओढत होती.