दाराला बांधलेली दोरी

सन दोन हजार तेवीस. त्या वर्षी सव्वीस जानेवारी आणि वसंत पंचमी एकाच दिवशी आली होती. झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले, आणि निम्मं गाव पोशीरच्या एका लग्नाला निघून गेलं. शाळेच्या मोठ्या खोलीत ग्रामसभा होती.

मी या गावची जुनी अंगणवाडीची बाई. तीस वर्षं पोरांना खिचडी घातली, वजनं केली. पासष्टाव्या वर्षी सुटले, पण नाव राहिलं 'बाई'च.

त्या सभेत एकच विषय माझ्या जिवाचा होता. डोंगराच्या पायथ्याशी आमच्याच गावची कातकरी वाडी आहे. वाडीतून शाळेत यायची पायवाट एका शेतातून येते. ते शेत मुंबईच्या कुणीतरी घेतलं, फार्महाऊस बांधलं, आणि दिवाळीत वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. आता शाळेत यायचं तर ओढ्यातून वळसा. उन्हाळ्यात ठीक, पावसात ओढा कमरेच्या वर चढतो. वाडीतली मंगळी माझ्याकडे आली होती. तिची संजना पाचवीत. वाडीतून पाचवीपर्यंत पोहोचलेली ती एकटीच.

"बाई, पावसात ती घरी बसंल," मंगळी म्हणाली. "आनि एकदा घरी बसली का मग भट्टीवरच. मला म्हाईत हाय ना. माझं असंच झालं."

ग्रामसभेने ठराव करायचा होता, की ही वाट वाडीच्या जुन्या वहिवाटीची आहे, ती मोकळी करावी. ठराव तहसीलला गेला तर पुढे काही हलणार होतं.

आता आमच्याकडच्या सभेची रीत सांगते. सभेला शंभर माणसं लागतात. ती कधी येत नाहीत. मग एक तर शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या सह्या घेतो, नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग माणसांची अट नसते. आठ-दहा जण बसतात आणि सगळं मंजूर. अशी वही मीही पुष्कळ वर्षं फिरवली आहे. पण त्या दिवशी झेंड्यापाशी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आज वही फिरवायची नाही. आज खरी सभा. माणसं मी आणते."

नवनाथ सरपंच हसला. त्याच्या भावाचा जेसीबी फार्महाऊसच्या कामावर होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. "आना की बाई," तो म्हणाला. "आमाला काय, खुर्च्या हायेत."

माझा हिशोब पक्का होता. गावातले साठ-सत्तर येतील, उरलेले वाडीचे. वाडी तेव्हा वाडीत नव्हती. दिवाळी झाली की ती चौक गावाकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परत येते. पोरंही बरोबर जातात, त्यांची शाळा पावसापासून दिवाळीपर्यंतचीच. म्हणून सव्वीस जानेवारीच्या सभेला वाडीचं माणूस कधी दिसतच नाही. मी आठवडाभर आधी भट्टीवर जाऊन आले होते. शेठने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

अकरा वाजता टेंपो आला. छत्तीस माणसं उतरली. केसांत, भुवयांत विटांची लाल धूळ. ती सरळ व्हरांड्याच्या कडेला बसायला लागली.

"आत चला," मी म्हणाले.

"आत बसलो तर सतरंजी लाल व्हईल, बाई," म्हातारा गजा, मंगळीचा सासरा, म्हणाला. "मंग धुवाया आमालाच बोलावतील."

सगळे हसले, पण आत आले. मला माझे वडील, रामभाऊ, आठवले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गावची बैठक चावडीत भरायची आणि आमचे वडील खालच्या पायरीशी उभे. धर्म बदलला होता, पायरी तीच होती. आतलं बोलणं ऐकायचं आणि शेवटी हाक आली, "राम्या, अंगठा दे," की हात पुढे करायचा. त्या दिवशी वाडीला सतरंजीवर बसलेली बघून मला वाटलं, चला, एवढं तरी माझ्या हातून झालं.

भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, हजेरी सुरू केली. गावची अडुसष्ट झाली. मग मंगळी सही करायला उठली.

"नाव सांगा." त्यांनी यादीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "नाही दिसत."

गजाचं नाही. त्याच्या बायकोचं नाही. छत्तिसांतलं एकही नाही.

"सभेला मतदार यादीतलीच माणसं धरतात, बाई," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

"सभेला बी यादी लागती?" मंगळीने विचारलं. "मतदानाला नाव नाय म्हनले, आमी परत आलो. आमाला वाटलं, बसायला काय लागतंय."

"नावं गेली कशी?" मी विचारलं.

भाऊसाहेबांनी जुनी फाईल काढली. दोन हजार चौदाच्या डिसेंबरात वगळलेली नावं. शेरा, 'कायम स्थलांतरित'. खाली सही माझी.

तेव्हा यादीचं काम अंगणवाडीच्या बायकांकडे असायचं. शेवटची तारीख जवळ आली होती, माझे गुडघे सुजलेले. वाडीत गेले तर सगळ्या झोपड्यांची दारं काथ्याच्या दोरीने बांधलेली. वाडीची एक रीत आहे. कायमचं जायचं असेल तर माणसं दार उखडून सोबत नेतात. दोरी बांधली म्हणजे परत येणार. हे मला ठाऊक होतं. त्या पोरांची वजनं करत मी तिथे आयुष्य घालवलं होतं. तरी मी लिहिलं, 'स्थलांतरित'. पंचनाम्याला दोन साक्षीदार लागत, त्या सह्या खाली गावात येऊन घेतल्या. पावसाळ्यात परत टाकू, असं मनात होतं. पावसाळा आला, दुसरी कामं आली, मग मी सुटले.

"नवनाथ," मी म्हणाले, "वही फिरव रे गावात. बत्तीस सह्या तर पाहिजेत."

"आता?" त्याने भुवया उडवल्या. "तुमीच म्हनल्या ना, आज खरी सभा?"

सभा तहकूब झाली. वाडी टेंपोत चढून गेली. आठ दिवसांनी तहकूब सभेला नऊजण बसले. वाटेचा विषय 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला गेला.

पुढच्या रविवारी मी भट्टीवर गेले. मंगळी साच्यात चिखल थापत होती. संजना विटा पालथ्या घालत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, की नावं मी काढली.

मंगळी थापायची थांबली नाही. "मंग? आता काय करू बाई, तुमाला मारू?" आणखी एक वीट पाडून म्हणाली, "दोरी दिसली न्हवती का?"

"दिसली होती."

तिने साचा खाली ठेवला. मग हात पुसून पोरीला म्हणाली, "संजना, बाईला चाय दे गं. काळी."

मी पिशवीतून फॉर्म काढले. प्रत्येकाचा फोटो, वयाचा दाखला, आधार. माझी नात दीप्ती मोबाईलवर भरून द्यायची. सात खेपा झाल्या. कुणाचं आधार पावसात गेलेलं, कुणाच्या बोटाचे ठसे विटांनी घासून गेलेले. नावं चोवीसच्या जानेवारीत यादीत आली. छत्तिसांपैकी एकतीस.

चोवीसच्या पंधरा ऑगस्टला वाडी घरीच होती. ओढ्यातून, कपडे डोक्यावर धरून आली, सभेत बसली. माणसं एकशे सहा भरली. वाटेचा ठराव झाला. तो तहसीलला गेला, पावसाळा सरल्यावर तिथून हुकूम आला. फाटक अजून आहे, पण कुलूप निघालं.

आता कोण कुठे आहे ते सांगते. नवनाथ अजून गावातच आहे. त्याच्या भावाने दुसरा जेसीबी घेतला. भाऊसाहेबांची बदली झाली. म्हातारा गजा पंचवीसच्या थंडीत भट्टीवरच वारला. यादीत त्याचं नाव अजून आहे; ते काढायला माझ्याकडे कुणी आलं तर मी सही करणार नाही, असं मी दीप्तीला सांगून ठेवलंय. ती हसते. मी जिना चढू शकत नाही, पण सभेला जाते. घरी आलेल्या वहीवर सही करत नाही, म्हणून शिपाई आमच्या दारावरून सरळ पुढे जातो.

मंगळी दिवाळीनंतर भट्टीवर जाते. जाताना दाराला दोरी बांधते आणि माझ्या दारात येऊन सांगून जाते, "बाई, बांधली हां."

संजना तेवीसच्या पावसात शाळेतून सुटली ती सुटली. फाटक उघडलं तेव्हा दोन पावसाळे उलटले होते. वाट आता मोकळी आहे. ती त्याच वाटेने येते, आईबरोबर, डोक्यावर भांड्यांचं बोचकं घेऊन, टेंपोकडे.