काचेच्या पेटीतला तराजू

मी एक जुना तराजू आहे. मित्रांनो, भाजीवाल्याचा नव्हे हं! मी काचेच्या पेटीत राहतो. माझ्या पारड्यात कांदे-बटाटे ठेवाल, तर माझी दांडीच मोडेल. औषधी पानांचा अर्क काढून वाळवतात, त्याची चिमूटभर भुकटी मी तोलतो. मग दुसरे यंत्र त्या भुकटीत औषधाचा खरा अंश किती, ते शोधते. पण माझे वजन चुकले, तर पुढचे सगळे गणितच चुकते.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझी दांडी सात वेळा घासली आणि तो म्हणाला, "याला आता फुंकर मारली तरी कळेल." तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे.

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मला वजने करणारे काका भेटले; सगळे त्यांना काकाच म्हणत. वजन करताना ते पेटीचे दार लावत आणि काटा थांबेपर्यंत हूं की चूं करत नसत. वजने चिमट्याने उचलत, कारण बोटाचा घामही वजनात धरला जातो. लोक हसत. "काका, जेवायला तरी चला!"

काका मलाच सांगत, "होऊ दे तुझं सावकाश." त्यांचे हे बोलणे मला फार आवडे.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांची पुतणी आली आणि पाठोपाठ विजेवर चालणारा, आकडे दाखवणारा नवा काटा आला. नव्याची नवलाई नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. नऊ वर्षे झाली. माझ्यावर कापड पडले, कापडावर किल्ल्या आणि किल्ल्यांवर कुणाची तरी छत्री. मला फार एकटे वाटे. दिवसभर पावले ऐकू येत, पण एकही पाऊल माझ्याकडे वळत नसे.

एके दिवशी हृदयाच्या गोळ्यांसाठी अर्क आला. ती पाने मोठी गुणकारी, पण मात्रा जराशी वाढली की तेच विष. पुतणीने तीनदा मोजले. तिन्ही वेळा अंश कमी भरला.

कारखान्याचे साहेब दारातूनच म्हणाले, "कमी भरतोय ना? मग गोळीत अर्क वाढवा. दुपारी गोळ्यांचं मशीन सुरू करायचंय."

"साहेब, मला शंका येतेय."

"शंका कसली? आकडा समोर आहे की!"

तिने भुकटीची वाटी उचलली. मग माझ्याकडे आली. छत्री काढली, किल्ल्या काढल्या, कापड काढले. मित्रांनो, माझा आनंद पोटात मावेना! तिने वाटी पारड्यात ठेवली, वजने घातली. मी समतोल झालो. ती लिहायला वळली, तोच माझा काटा सरकला. तिने बारीकसे वजन वाढवले. काटा पुन्हा त्याच बाजूला सरकला. नव्या काट्यावरही शेवटचा आकडा चढत असे, पण यंत्र थरथरतेय असे समजून ती पहिलाच आकडा लिहून घेई.

"अगं बाई! ही तर पाणी पितेय!"

भुकटी हवेतली ओल शोषून जड होत होती. पुतणी भुकटी ठेवायच्या बरणीकडे धावली. बरणीच्या तळाशी ओल टिपणारे निळे खडे असतात. ओल भरली की ते गुलाबी होतात. सगळे खडे गुलाबी झाले होते आणि कुणी ते बदललेच नव्हते. म्हणजे औषधाबरोबर पाणीही तोलले जात होते, म्हणून अंश कमी दिसत होता. गोळ्यांत घालायचा बंद पिंपातला अर्क मात्र कोरडा आणि पुऱ्या ताकदीचा होता. साहेबांचे ऐकले असते, तर प्रत्येक गोळी कुणाच्या तरी जिवावर उठली असती.

नवे खडे आले. भुकटी पुन्हा वाळवून मोजली, तेव्हा अंश बरोबर भरला. साहेब घाम पुसत "नशीब!" एवढेच म्हणाले. नोंदवहीत 'खडे बदलले' असे लिहिले गेले. माझे नाव कुठेच नव्हते. पुतणीने मऊ ब्रशने माझी पारडी झाडली आणि पुन्हा कापड घातले. त्यालाही आता बरेच महिने झाले.

मित्रांनो, मला कौतुक नको. खोटे कशाला बोलू, थोडे हवे आहे. पण औषध मोजताना घाई करू नका. ती गोळी कुणाची तरी आई विश्वासाने गिळणार असते. आणि जुनी वस्तू मुकी असली, तरी तिला निकामी समजू नका. मी अजूनही बरोबर तोलतो. फक्त माझ्या पारड्यात कुणीतरी काहीतरी ठेवायला हवे.