चढावरची टकटक

या, असे जरा जवळ सरका. ही गोष्ट लांबून ऐकायची नव्हे. ज्याने जीभ दिली त्याला स्मरून सांगतो, पदरचं काही घालणार नाही.

दोन भावंडं होती. थोरला दादा मोटारी दुरुस्त करायचा, धाकटी बहीण मोटार चालवायची. मूत्रपिंड निकामी झालेल्या चार आजाऱ्यांना ती आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेई-आणी. एक खेप चुकली तरी त्यांच्या जिवाशी गाठ. म्हणून तिची गाडी कधी अडत नसे, आणि अडत नसे ती दादाच्या भरवशावर.

दादाला सगळे 'कानवाला' म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आम्हाला भजनात लागत नाही अशी समाधी त्याची तिथे लागे. मग म्हणायचा, तिसरा व्हॉल्व्ह सैल आहे. उघडून पाहावं तर तिसराच.

एके दिवशी धाकटीला टकटक ऐकू आली. गाडी उभी असताना नाही, सपाटीवर नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालून कुणीतरी बोटाच्या पेरांनी दार ठोठावावं तशी. ती तडक दादाकडे गेली. त्याने स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला आणि इंजिन लोण्यासारखं चालतंय म्हणाला. तिने त्याला शेजारी बसवून चढावर नेलं. टकटक सुरू झाली. दादा समोर बघत राहिला. तिने दोनदा विचारलं, तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "कुठे काय? वासराच्या कानात वारं शिरतं, तसं तुझं झालंय."

ती हसली. दादा नाही म्हणाला म्हणजे नाही. तरी टकटक काही जाईना, तेव्हा बिचारी स्वतःचे कान तपासून आली. डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, पण तिने डॉक्टरांपेक्षा भावावरच विश्वास ठेवला. त्या चार आजाऱ्यांपैकी मागच्या सीटवरच्या मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं, अगं, हे काय वाजतंय? तिने दादाचंच वाक्य त्यांना ऐकवलं. बाई ओशाळल्या.

तिसऱ्या आठवड्यात, ऐन दुपारी, त्याच चढावर टकटकीचे घण झाले आणि इंजिनने मान टाकली. मास्तरीणबाईंना भाजीच्या टेम्पोतून न्यावं लागलं. पोचायला दोन तास उशीर झाला. देवाची कृपा म्हणून त्या वाचल्या, पण संध्याकाळपर्यंत त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. धाकटीने दादाला सात वेळा फोन केला. त्याने उचलला नाही. शेवटी दादाच्या गॅरेजसमोरचा फिटर आला आणि गाडी ओढून घेऊन गेला.

फिटरने खालची तेलाची टाकी उतरवली. तेलात धातूचा चकचकीत कीस होता. दुसऱ्या नंबरच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजून कागद झाली होती. तो म्हणाला, टकटक लागली तेव्हाच प्लगची एकेक वायर काढून पाहिली असती, तर दुसऱ्या नंबरची काढताच आवाज दबला असता आणि नुसत्या बेअरिंगवर भागलं असतं; आता रॉड ज्यावर फिरतो तो क्रँकही घासून घ्यावा लागेल. ती म्हणाली, दादाने ऐकलं होतं, काही नाही म्हणाला.

फिटरने हात पुसले. मग त्याने सांगितलं, दादाचे कान गेले त्याला दोन वर्षं झाली. हाडाला टेकवलं की कळतं, हवेतून आलेलं पोचत नाही. चालत्या गाडीत काही वाजत असलं की तो गाडी गुपचूप इकडे पाठवतो. मी ऐकतो, चिठ्ठी लिहून देतो.

"मग माझी का नाही पाठवली?"

"तुम्हाला कळलं असतं ना, ताई."

ती रस्ता ओलांडून गेली. दादा बॉनेटमध्ये वाकला होता. तिने पाठीमागून तीनदा हाक मारली. तो वळला नाही. मग खांद्याला धरून वळवलं, आणि ओठ सावकाश हलवत ती म्हणाली, "कान गेले, ते देवाने नेले. त्याचा राग नाही. पण परक्यांच्या गाड्यांसाठी तू कान उसना आणलास, दादा. माझ्यासाठी नाही आणलास. उलट माझाच कान खोटा ठरवलास."

दादा म्हणाला, सगळ्या जगापुढे बहिरा ठरलो असतो तरी चाललं असतं, तुझ्यापुढे नको होतं. गाडी इकडे आण, मी स्वतः इंजिन खोलतो. तिने नकारार्थी मान हलवली. गाडी समोरच्या फिटरकडेच राहिली.

नवव्या दिवशी इंजिन बसलं. बेअरिंग नव्या, क्रँक घासलेला, तेलाचा पंप तपासलेला. ती एकटीच चढावर गेली, अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला. काही वाजलं नाही. वर जाऊन परत आली, पुन्हा चढली, असं चार वेळा. आवाज खरंच गेला की आपल्यालाच ऐकू येत नाही, हे आता विचारायचं कुणाला?

देवापुढे बसाल तेव्हा आपापली गाऱ्हाणी खुशाल मांडा. पण उठण्याआधी या धाकटीची तेवढी आठवण ठेवा.