रिकाम्या खुर्चीशेजारचा संगणक

मी ग्रंथालयातला संगणक बोलतोय. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातला, दाराजवळच्या टेबलावरचा. इकडेतिकडे काय बघताय? इकडे, पडद्याकडे बघा!

मी आलो तेव्हा काय थाट होता माझा! जाडजूड पुस्तकांची कपाटं मागे सरकवून मला जागा केली. जगभरची वैद्यकीय जर्नल्स माझ्यावर उघडायची, त्यामुळे मी जरा शेफारलोच होतो. वाटायचं, आता या लोकांना आणखी काय हवं?

शेजारच्या खुर्चीत ग्रंथपाल ताई बसायच्या. शिकाऊ डॉक्टर धापा टाकत यायचे, "ताई, एवढं शोधून द्या ना!" ताई कीबोर्डला हातच लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "आधी पेशंट सांग." मग वय काय, आधी कोणतं औषध दिलं, दुसरा काही आजार आहे का, सगळं खोदून खोदून विचारायच्या. मी आपला ताटकळत. पण नंतर दोन-चार शब्द टाइप केले की हवा तोच लेख समोर. शाबासकी मात्र मी लाटायचो.

मग निधीला कात्री लागली. डीनसर स्वतः खाली आले. भला माणूस, पण चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, वर खूप भांडलो. यंदा एकच जमेल म्हणतात. जर्नल्सची वर्गणी, नाहीतर तुमची जागा."

ताईंनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "वर्गणी भरा, सर. मुलं कशावर शिकणार?"

जाताना त्यांनी माझा पडदा पुसला. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो.

पुढे मी एकटाच. कुणी काही टाइप केलं की मी लेखांचा ढीग ओतायचो. मुलं वैतागून माझ्या माउसवर राग काढायची. अहो, मी तरी काय करणार? मला दाखवता येतं, विचारता येत नाही.

एका दुपारी मुलांच्या वॉर्डातला डॉक्टर आला. एका बाळाची आकडी नेहमीच्या औषधांनी थांबत नव्हती. त्याने शोध शोध शोधलं. शेवटी डोकं धरलं आणि सवयीने खुर्चीकडे वळून म्हणाला, "ताई, खूप लहान आहे हो ते..." खुर्ची रिकामी होती. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्याने ताईंना घरी फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यासमोर ठेवला. "रडतोस काय वेड्या? आधी पेशंट सांग," तोच आवाज आला. त्या विचारत गेल्या, तो सांगत गेला, टाइप करत गेला, आणि लेख सापडला. ते बाळ सुखरूप घरी गेलं.

मग काय, सगळ्यांनाच तो नंबर पाठ झाला. ताई घरबसल्या, फुकट, न कुरकुरता मदत करायच्या. आणि वरची मंडळी खूश! ताईंशिवायही सगळं छान चाललंय, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पण ताईंनाही पोट आहे. या सोमवारपासून त्या एका दुकानात कामाला लागल्या. दिवसा फोन उचलता येत नाही.

निधीवर सही करणारे साहेब, मला नवा पडदा नको, वेग नको. वर्गणी तर हवीच, पण या खुर्चीत माणूसही बसवा हो. आत्ता एक मुलगी माझ्यासमोर बसलीय. तिचा पेशंट वर वॉर्डात वाट बघतोय. मी तिला सगळं दाखवलंय, आणि ती फोन कानाला लावून बसलीय.

रिंग वाजतेय नुसती.