सुनिलनं काढलेला स्कॅन

बारा वर्षं चंद्रपूरच्या या एमआरआय सेंटरमध्ये मी मशीन सांभाळतेय. पण परफ्युजन स्कॅन शिकायला नागपूरला पाठवलं कुणाला, तर परवा लागलेल्या सुनिलला. तेव्हापासून आमच्या डॉक्टर नीलिमा मॅडमच्या तोंडी त्याच्याशिवाय दुसरं नाव नाही. माझा नुसता जळफळाट होतो.

त्या सकाळी हेमलकशाकडचा वारलू आला, सोबत बायको कमळा. वारलूच्या मेंदूत गाठ. ती जहाल की सौम्य, हे ऑपरेशनआधी कळायचं तर गाठीत रक्त किती खेळतं ते बघायचं: हाताच्या शिरेत औषध झपकन सोडायचं आणि ते गाठीतून जाताना टिपायचं. सुनिलनं औषध सोडलं. काचेमागे मी शेजारीच उभी. पडद्यावरची रेघ खोल बुडायला हवी होती, ती जेमतेम वाकली. औषध शिरेबाहेर गेलं होतं. त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी गप्प बसले. बरी जिरेल, म्हटलं.

मॅडमनी घाईत रंगीत चित्र तेवढं पाहिलं. सगळं निळं, म्हणजे गाठीत रक्त कमी. "सौम्य दिसतेय. ऑपरेशनची घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

दुपारी कमळा पिशवी घेऊन माझ्याकडे आली. "जातो जी बाई. देव पावला आमाले." मग तिनं वारलूची बाही वर केली. "पन याचा हात काऊन सुजून राह्यला?"

कोपराजवळ लिंबाएवढं फुगलं होतं. ही दोघं एकदा जंगलात परतली की सहा महिने इकडे फिरकणार नव्हती.

"थांबा, जाऊ नका," म्हटलं आणि सुनिलला गाठून हात सुजल्याचं, औषध शिरेबाहेर गेल्याचं सांगितलं. तो पांढराफटक पडला. तडक मॅडमकडे गेला आणि चूक कबूल केली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हातातून औषध दिलं. गाठीची कड लालभडक. वारलूला लगोलग ऑपरेशनसाठी नागपूरला पाठवलं.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेही सुनिलच्या प्रामाणिकपणाचं!

"मले कुठी समजलं मॅडम, स्वातीताईनं सांगतलं," तो म्हणाला.

"कधी लक्षात आलं स्वातीच्या?"

सुनिलनं माझ्याकडे पाहिलं. काचेमागे मी त्या रेघेकडे टक लावून उभी होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसलं.

"हात सुजलेला दिसला तवा," तो म्हणाला. "तशीच धावत आली ताई."

सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. सुनिलही वाजवत होता. त्याचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.